ओठ, नाक, कपाय

माझ्या साखरपुड्यात अंगठ्या घालायच्या आधी खारोडे सरांनी नवऱ्या मुलाचे डोळे दाबून पाहिले.

मुलगा नाशिकचा. बिचारा नवा झब्बा घालून पाटावर बसला होता. सर मांडवातून सरळ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “खाली पाह्य. डोये मिटू नोको, फक्त नजर खाली.” त्याला वाटलं, विधीतलंच काही असेल. त्याने मुकाट्याने नजर खाली घातली. सरांनी दोन्ही तर्जन्या त्याच्या पापणीवर ठेवल्या, हलकेच दाबून पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्यालाही तेच केलं आणि अख्ख्या मंगल कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, “नाक! पोरगा नाकावर हाय. करा लग्न.”

होणाऱ्या सासूबाईंनी माझ्या मावशीला दबक्या आवाजात विचारलं, “ही तुमच्याकडची पद्धत का हो?” मावशी अमरावतीची. ती हार मानणाऱ्यातली नाही. म्हणाली, “हो, आमी पाहूनच घेतो.” झालं! मानपानात आपण कमी पडायला नको म्हणून नाशिकचे सगळे मामा, काका आणि एक आत्या सरांसमोर रांगेत उभे राहिले. सरांनीही एकाला नाराज केलं नाही. अंगठ्यांचा मुहूर्त टळला, पण वरपक्षाचे सगळे डोळे तपासून झाले.

मी डोळ्यांची डॉक्टर आहे. अमरावतीच्या एका धर्मादाय रुग्णालयात काम करते. खारोडे सरही डोळ्यांचेच डॉक्टर, निवृत्तीनंतर आमच्याकडे शिकवायला येऊ लागले. राहायला अकोल्यात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी गाडीने बडनेऱ्याला उतरायचे आणि तिथून ऑटोने आमच्याकडे. खांद्याला शबनम पिशवी, तिच्यात संत्री. शिकवण्याचा विषय एकच, बोटाने डोळ्याचा दाब ओळखणे.

आता हे काय ते सांगते, म्हणजे पुढे घोळ नको. डोळ्याच्या आत पाणी असतं. ते नीट वाहून गेलं नाही की आत दाब वाढतो, डोळा ताठर होतो आणि नजरेची नस हळूहळू वाळत जाते. त्याला काचबिंदू म्हणतात. मोतीबिंदू काढला की दिसायला लागतं. काचबिंदूत गेलेली नजर मात्र परत येत नाही, म्हणून दाब वेळेवर ओळखावा लागतो. त्यासाठी यंत्रं आहेत. आमच्याकडेही आहे. ते डोळ्यावर हवेची फुंकर मारतं आणि आकडा सांगतं. सर त्याला ‘फुकनी’ म्हणत, म्हणजे चुलीतला जाळ फुलवायची फुंकणी. आमचे खेड्यातले रुग्ण त्या फुंकरीने इतके दचकत की एका आजोबांनी यंत्राला शिवी हासडली होती.

सरांचं यंत्राशी वैर नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच की, “लाइन गेली त फुकनी बंद. खेड्यावर गेले त फुकनी घरी. आन् बुबुयावर जुना डाग असन, जागा खडबडीत असन, त फुकनी मनाले येईन तो आकडा सांगते. मंग काय करसान? बोटं त संगंच हायेत ना!”

आणि मापं तीन. स्वतःचा ओठ दाबून पाहा. डोळा इतका मऊ लागला तर दाब कमी. नाकाचा शेंडा दाबा. तसा लागला तर ठीक. कपाळ दाबा. तसा टणक लागला तर बोलत बसू नका, रुग्णाला हलवा. ही मापं काही सरांनी शोधलेली नाहीत, आमच्या धंद्यातले जुने लोक ती शिकवत आलेत. सरांनी फक्त त्याचा धर्म केला. आमच्या वऱ्हाडात ळ जिभेवर टिकत नाही, त्यामुळे सरांच्या तोंडी ते ‘ओठ, नाक, कपाय’ असं व्हायचं आणि हळूहळू आम्ही सगळेच तसं म्हणू लागलो. सरांच्या दृष्टीने सबंध सृष्टी या तीन जातींत विभागली होती. कँटीनची इडली कपाय. उन्हाळ्यातला डांबरी रस्ता ओठ. आमचे अधीक्षक बोलायला नाक, पण रजा मागायला गेलं की कपाय.

शिकवण्याची पद्धत अशी. रुग्णाला नजर खाली करायला सांगायचं. आपली बाकीची बोटं त्याच्या कपाळावर टेकवायची आणि दोन तर्जन्या वरच्या पापणीवर ठेवायच्या. एकीने अगदी हलकं दाबायचं आणि दुसरीने नुसतं थांबायचं. आतलं पाणी हलतं ते त्या थांबलेल्या बोटाला कळतं. “एक बोट इचारते, दुसरं आयकते,” सर म्हणायचे. “तुमी सारे इचारता त भल्लं, पन आयकत नाही. लगन झालेल्या मानसावानी करता.” डोळ्याला मार लागला असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर बोट लावायचं नाही, हेही ते दर वर्गात इतक्या जोरात ओरडून सांगत की बाहेर बाकावर बसलेले रुग्ण आपापल्या डोळ्यांवर हात ठेवत.

डोळ्याला हात लावायची परवानगी मिळण्याआधी आम्हाला संत्र्यांवर घासून घेतलं. सर टेबलावर संत्री मांडायचे. एक झाडावरून नुकतं तोडलेलं, एक आठवडाभर पडलेलं, एक उन्हात वाळत ठेवलेलं. डोळ्यांवर रुमाल बांधून आम्ही ती ओळखायची. चुकलं की ते संत्रं सोलून खायचं. एवढी मजेची शिक्षा मी कुठल्याच कॉलेजात पाहिली नाही. पण आठवडाभर चुकत राहिलात तर संत्र्याचंही तोंड बघवत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

बोटांबाबत सर शाळामास्तरांसारखे कडक होते. नखं तपासायचे. आमच्यातला एक इंटर्न डब्यात रोज ठेचा-भाकर आणायचा. एकदा जेवून, हात धुऊन, तो एका बाईंच्या पापणीवर बोटं ठेवतो न ठेवतो तोच बाई किंचाळत उठल्या. सरांनी त्या पोराचा हात धरला, बोटं नाकाशी नेली आणि शांतपणे विचारलं, “ठेचा?”

“हो सर.”

“तुया पोटाचा होता ना तो? मंग डोयाले काहून चारला?”

आणि एक नियम होता, तो मात्र कधीच मोडायचा नाही. आधी शिकणाऱ्याने सांगायचं, मग सरांनी. “मोठ्यानं पयले तोंड उघडलं की लहानाचं बोट खोटं बोलते,” असं ते म्हणत. त्यामुळे सर कधीही आपला निकाल आधी सांगत नसत. आम्ही ‘नाक’ म्हटलं की ते स्वतः बोट लावायचे आणि नुसतं ‘हं’ म्हणायचे. हं म्हणजे बरोबर. चूक असेल तर तेही हंच, पण जरा लांब. ज्याचं त्याला ओळखता यायला लागलं की ते म्हणायचे, “आलं. तुहं बोट आलं.” हे त्यांचं प्रमाणपत्र. ते आमच्यात फार थोड्यांना मिळालं होतं. मला मिळालं नव्हतं. माझ्या साखरपुड्यात माझ्या नवऱ्याला ‘नाक’ मिळालं, मला मात्र दर वेळी, “येऊन राहिलं, येऊन राहिलं. घाई नोको करू.”

मोझरीच्या पुढे एका गावात आमचं शिबिर होतं. तिथे जे झालं ते वऱ्हाडाबाहेर कुठे झालं नसतं. बोटाला मापं आठवावीत म्हणून आम्ही प्रत्येक रुग्णाआधी स्वतःच्या ओठाला, नाकाला आणि कपाळाला बोट लावून घेत होतो. सरही. रांगेतल्या पहिल्या आजी हे टक लावून पाहत होत्या. त्यांनीही भक्तिभावाने ओठ, नाक, कपाळ केलं आणि मग पुढे सरकल्या. त्यांचं बघून मागच्या बाईने केलं. दुपारपर्यंत अख्खी रांग करत होती, आणि सरपंच समारोपाला आले तेव्हा तेही ओठ, नाक, कपाळ करूनच माइकसमोर उभे राहिले.

मी सरांना म्हटलं, “सर, यांना सांगायला पाहिजे की हे असं काही नसतं.”

“राहू दे,” सर म्हणाले. “लोकं हात धुवाचं सांगितलं त करत नाहीत, हे करून राहिले. करू दे.”

पुढच्या वर्षी त्याच गावात गेलो. मी घाईत होते, सरळ एका आजींच्या पापणीवर बोटं ठेवली. आजींनी माझा हात बाजूला केला आणि म्हणाल्या, “डाक्टरीनबाई, पयले कपायाले लावा. मांगच्या साली लावलं होतं, तवा गुन आला.”

बडनेरा स्टेशनबाहेर सलीमभाईंची फळांची गाडी आहे. सर येता-जाता तिथली संत्री दाबून पाहायचे, घ्यायचे मात्र दोन-चारच. सलीमभाई वैतागायचे. “डाक्टर साब, लेना है तो लो, दबाओ मत. सब का जूस आपही निकालोगे क्या?” त्यावर सर एक संत्रं त्यांच्यापुढे धरून म्हणायचे, “याले काचबिंदू हाय, सलीमभाई. हे वेगळं ठेवा.”

एका मंगळवारी सर उतरले तर सलीमभाईंच्या गाडीशेजारी त्यांची आई बाकावर डोकं धरून बसली होती. रात्रीपासून डोकं फुटत होतं, उलट्या होत होत्या. घरच्यांनी पित्त समजून सरबत पाजलं होतं. सरांनी विचारलं, “अम्मी, बत्तीच्या बाजूले रंग दिसते का?” त्या हो म्हणाल्या. सरांनी तिथेच बाकासमोर वाकून बोटं लावली आणि ओरडले, “कपाय! पित्त नाही हे, डोया हाय! ऑटो बोलवा!” मला फोन आला. अम्मी आल्या तेव्हा त्यांचा डोळा खरोखर दगड झाला होता. औषधं सुरू केली, मग लेझर केलं, आणि नजर वाचली. एखादा दिवस जरी पित्ताचं सरबत चाललं असतं तरी तो डोळा गेला असता.

तेव्हापासून सलीमभाई स्वतःच संत्री पुढे करायला लागले. फक्त मागच्या हिवाळ्यात ते मला म्हणाले, “मैडम, डाक्टर साब आजकल पोले संतरे उठा रहे हैं. मैं बदल के देता हूँ, बोलता कुछ नहीं.” मी हसले. म्हटलं, वय झालंय, गाडीची घाई असेल.

गाडीची घाई मात्र होतीच, आणि ती काही नवी नव्हती. सर संध्याकाळी अमरावतीत कधीही थांबले नाहीत. किती आग्रह करा, किती पाऊस येवो, त्यांची गाडी म्हणजे गाडी. एकदा रुग्णालयाने त्यांचा सत्कार ठेवला. पाहुण्यांचं भाषण लांबलं. सर घड्याळ बघत होते. शेवटी ते मध्येच उठले, टेबलावरची स्वतःची शाल स्वतःच अंगावर घेतली, नारळ उचलला, सवयीने दाबला, “कपाय. याले त आता ऑपरेशनच लागते,” असं म्हणाले आणि निघाले. पाहुणे पुढची पंधरा मिनिटं रिकाम्या खुर्चीचे गुण गात राहिले. आम्हाला वाटायचं, घरी काकूंचा धाक असेल. सरांच्या घरी आमच्यापैकी कोणी कधी गेलं नव्हतं आणि सरही घरचं बोलत नसत.

सरांच्या आणखी काही गमती आम्ही एकमेकांना सांगायचो. कँटीनवाला चहाचा काचेचा ग्लास असा उकळता द्यायचा की आम्ही तो रुमालात धरायचो. सर मात्र उघड्या बोटांनी धरून निवांत बोलत बसायचे. “पोलादी बोटं,” आम्ही म्हणायचो. शर्टाची बटणं एक घर चुकलेली असायची, मग त्यांनी बटणाचे शर्टच सोडले आणि डोक्यातून घालायचे सदरे शिवून घेतले. “फॅशन हाय,” म्हणाले. संत्रं सोलायला कोणाकडे तरी द्यायचे. आणि वर्गात तर हल्ली बोट लावायचेच नाहीत. आम्ही सांगायचो ‘नाक’, ते विचारायचे, “पक्कं?” आम्ही ‘पक्कं’ म्हटलं की ‘हं’. आम्ही मनात खूश व्हायचो की सरांचा आमच्यावर विश्वास बसला.

एका शुक्रवारी ते मला म्हणाले, “पोरी, रयवारी अकोल्याले ये. रोडगे हायेत.”

रोडगे म्हणजे शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेले जाड कणकेचे गोळे, त्यात तूप आणि सोबत वांग्याची भाजी. रोडग्यांना नाही म्हणणारा माणूस वऱ्हाडात अजून जन्मायचाय. मी नवऱ्यालाही नेणार होते, पण सर म्हणाले, “त्याले पुढच्या खेपी. या खेपी तूच ये.”

घर छोटं, बैठं, पुढे लिंबाचं झाड. सुमनकाकू दारात उभ्या होत्या. ठेंगणी, हसरी बाई. जवळ गेले तेव्हा मला दिसलं आणि माझ्यातली डॉक्टर पटकन जागी झाली. चेहऱ्यावर देवीचे जुने व्रण. डावा डोळा लहानपणीच गेलेला. उजव्याच्या बुबुळावर पांढुरका, खडबडीत डाग, आणि त्याच्या कडेने जेवढी वाट उरली होती तेवढ्यातून त्या माझ्याकडे बघत होत्या. असल्या बुबुळावर यंत्र नीट टेकत नाही.

“काचबिंदू,” सर म्हणाले. “लगन झालं तवा नव्हता. मागून आला. फुकनीचा भरोसा नाही. नागपूरच्या मोठ्या डाक्टरनंही शेवटी बोटच लावलं. मंग मीच पाह्यतो. सकायी पाह्यतो, आन् संध्याकायी थेंब टाकाच्या आंधी पाह्यतो.”

मला गाडीची घाई कळली. काचबिंदूच्या थेंबाला वेळ सांभाळावी लागते. आणि सत्काराचा तो नारळ कोणासाठी एवढ्या तातडीने घरी जात होता, तेही कळलं.

काकूंनी स्वतःच खुर्ची खिडकीजवळ ओढली, बसल्या आणि नजर खाली केली. इतक्या सहज की जणू पदर सावरला. सर माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला.

“सकायीच पाह्यला मी,” ते म्हणाले. “नाक हाय. तू पाह्य बरं.”

मी चपापले. सरांनी नियम मोडला होता. मोठ्याने आधी तोंड उघडलं होतं. मी वळून बघितलं तर ते माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर लिंबाकडे बघत होते, आणि ‘नाक हाय’ हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, मागितलं होतं.

मी माझी बोटं काकूंच्या पापणीवर ठेवली. एका बोटाने विचारलं, दुसऱ्याने ऐकलं. मग थांबले. पुन्हा केलं. स्वतःच्या डोळ्यावर करून पाहिलं आणि परत काकूंच्या डोळ्यावर. आत काही हलत नव्हतं. कितीही हलकं विचारा, उत्तर टणक येत होतं.

खरं सांगते, मला ‘नाक’ म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. सरांनी म्हटलंय, काकूंनी रोडगे केलेत, आणि मी कोण? येऊन राहिलेल्या बोटाची बाई. पण एकच डोळा होता तो.

“सर,” मी म्हटलं, “कपाय.”

बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. तो गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत आम्ही तिघंही तशीच होतो.

“पक्कं?”

“पक्कं, सर.”

मग ते पुढे आले. मला वाटलं, स्वतः तपासतील. पण त्यांनी माझी बोटं पुन्हा पापणीवर ठेवायला लावली आणि माझ्या बोटांवर त्यांची बोटं ठेवली. मी दाबलं. ते डोळे मिटून उभे होते. त्यांची बोटं थंड होती, आणि कडेला चहाच्या ग्लासाने भाजल्याचे तपकिरी डाग होते. पोलादी म्हणायचो आम्ही त्यांना!

“साखरेच्या बिमारीनं पयले पाय बधीर झाले,” सर म्हणाले. “मले वाटलं, बोटं सोडन. सोडली नाही.” मग जरा वेळाने, “आलं. तुहं बोट आलं, पोरी.”

हे शब्द ऐकायला मी संत्र्यांवर संत्री खाल्ली होती. पण ज्या दिवशी मिळाले त्या दिवशी ते मला नको होते.

काकू मात्र नजर वर करून हसल्या. “मले माईत होतं,” म्हणाल्या.

“काय माईत होतं?” सर म्हणाले.

“पयले तुमचं बोट पाखरावानी टेके. आता खुट्टा ठोकल्यासारकं दाबता. दिव्याभोवती रंगही दिसून राहिले कव्हाचे.”

मी हादरले. “काकू, मग सांगितलं का नाही? तुम्हाला एकच डोळा आहे!” मी अक्षरशः ओरडले त्यांच्यावर. डॉक्टर म्हणून ओरडले, आणि भीतीनेही.

“सांगतलं असतं त हे मले बोट लावाचं सोडते ना,” काकू म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, “इचारनारं बोट शाबूत हाय तुमचं, आयकनारं तेवढं गेलं. कानाचंही तसंच हाय, मी काही म्हटलं का?”

यावर सर हसले. डोळ्यांत पाणी होतं, पण हसले, आणि सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसत म्हणाले, “रोडगे कपाय होतीन. वाढ लवकर.”

रोडगे आधी झाले नाहीत. आधी मी नागपूरला फोन लावला, औषध बदललं, दुसरे थेंब सुरू केले, आणि दुसऱ्या दिवशी काकूंना स्वतः घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी बोट लावलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. नस अजून वाळली नव्हती, वेळेत आलो होतो. त्यापुढचे काही दिवस मी नवऱ्याला फोनवर फक्त एकच गोष्ट सांगत होते, डोळा कपाळावरून खाली येतोय. आणि तो आला. नाकावर आला. त्या दिवशी मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात एकटीच इतकी हसले की कँटीनवाल्याने चहा आणून दिला. उकळता. मी तो रुमालात धरला.

सर अजून येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी. बोट लावत नाहीत, ते आता लपवतही नाहीत. “माहं आयकनारं बोट रिटायर झालं,” असं नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात आणि नखं तपासायला घेतात. संत्री सलीमभाई निवडून देतात. संध्याकाळच्या गाडीची घाई तशीच आहे, कारण थेंब टाकायला बोटाला ऐकू यावं लागत नाही.

आणि रविवारी मी अकोल्याला जाते. नवराही येतो, तो रोडग्यांसाठी. काकू खिडकीजवळ बसतात, नजर खाली करतात. मी बोटं ठेवते. सर मागे उभे असतात. आता ते एक अक्षर आधी बोलत नाहीत. मी एकदा मागे वळून पाहिलं तर स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावून उभे होते, परीक्षेच्या निकालाला आलेल्या बापासारखे.

“नाक, सर.”

“पक्कं?”

“पक्कं.”

त्या दिवशी मी हात धुवायला उठले. परत आले तर सर खुर्चीसमोर वाकले होते. त्यांनी बाकीची बोटं काकूंच्या कपाळावर टेकवली होती आणि दोन तर्जन्या त्या एका पापणीवर, अगदी पहिल्या धड्यात शिकवतात तशा, हलक्या.

“आता काय पाहून राहिले?” काकूंनी विचारलं. “पाह्यलं ना पोरीनं.”

“काही नाही,” सर म्हणाले. “असंच.”

सरांनी बोटं काढेपर्यंत काकूंनी नजर खालीच ठेवली.